माहेरीं येणारी मुशी

कोंकणपट्टींत राहणाऱ्या आमच्या वाचकांस मुशी हा मासा नवा नाहीं. मालवणाकडे तिलाच मोरी म्हणतात. बाजारांत ती सुरमई-बांगड्यांच्या शेजारीं पडलेली असते, आणि पुष्कळ घरांतून तिचें कालवणही आवडीनें होतें. तथापि हीच मुशी आकारानें मोठी झाली आणि 'शार्क' हें इंग्रजी नांव धारण करून चित्रपटांत किंवा वर्तमानपत्रांत आली, कीं ती एकदम राक्षसीण होते. ताटांतील मुशी आणि चित्रांतील राक्षसीण या दोहोंच्यामध्यें खरी मुशी मात्र आपणांस दिसतच नाहीं. ती कशी जन्मते, कोठें वाढते, किती वर्षांनीं आई होते, आणि तिच्या पिलांचें पुढें काय होतें, हे प्रश्न आपल्या मनांत फारसे येत नाहींत. प्रस्तुत लेखांत याच प्रश्नांचीं उत्तरें मुशीच्या एका जातीपुरतीं देण्याचें आम्ही योजिलें आहे.

त्यासाठीं वाचकांस आमच्याबरोबर थोडें दूर यावें लागेल. अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांतील मायामी शहराच्या पूर्वेस सुमारें ५० मैलांवर बिमिनी नांवाचीं लहान लहान बेटें आहेत. तीं बहामा या द्वीपराष्ट्राचा भाग होत. त्यांच्या पश्चिमेस खोल समुद्रांतून गल्फ स्ट्रीम हा कोमट पाण्याचा प्रवाह वाहतो, तर पूर्वेस कित्येक मैलपर्यंत उथळ व नितळ पाणी पसरलेलें आहे. बेटांच्या कुशींत एक शांत खाडी आहे, आणि तिच्या काठानें, आपल्याकडील खाड्यांप्रमाणेंच, तिवरांचें दाट रान आहे. मायामी येथील प्राध्यापक सॅम्युएल ग्रूबर यांनीं १९९० सालीं या बेटावर केवळ मुशींच्या अभ्यासासाठीं एक संशोधनकेंद्र काढलें. ते स्वतः २०१९ सालीं वारले. परंतु त्यांनीं व त्यांच्या शिष्यांनीं वर्षानुवर्षें ठेविलेल्या नोंदींमुळें तेथील एका मुशीच्या जातीचा जणूं वंशवृक्षच तयार झाला आहे. समुद्रांतील मोठ्या माशांपैकीं फार थोड्यांचें चरित्र इतक्या बारकाईनें लिहिलें गेलें आहे.

या जातीचें शास्त्रीय नांव नेगाप्रियॉन ब्रेव्हिरॉस्ट्रिस असें लांबलचक आहे. क्यूबा बेटांतील निसर्गशास्त्रज्ञ फेलिपे पोए यांनीं १८६८ सालीं तिचें प्रथम वर्णन केलें. ब्रेव्हिरॉस्ट्रिस या लॅटिन शब्दाचा अर्थ आंखूड नाकाडाची असा आहे. इंग्रजींत तिला लेमन शार्क म्हणतात, कारण तिच्या अंगावर पिंवळट झांक असते; म्हणून आपणही तिला लिंबी मुशी म्हणूं. हा पिंवळेपणा केवळ शोभेचा नव्हे. उथळ पाण्यांत वाळूच्या तळावर ती असली, म्हणजे तिचा रंग वाळूच्या रंगांत मिसळून जातो आणि भक्ष्यास तिची चाहूल लागत नाहीं. तिच्या पाठीवरील दोन पर जवळजवळ सारख्याच आकाराचे असतात, ही तिला ओळखण्याची सोपी खूण. पूर्ण वाढलेली मुशी आठ ते दहा फूट लांब भरते.

इतर मुशींप्रमाणें हिच्याही अंगांत खरें हाड नसतें. आपल्या कानाची पाळी ज्या लवचीक पदार्थानें ताठ राहते, त्या कूर्चेचाच तिचा सगळा सांगाडा असतो. अंगावर बांगड्यासारखे खवले नसून दांतांच्याच घडणीचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यामुळें शेपटीकडून डोक्याकडे हात फिरविल्यास तिची कातडी सुताराच्या पॉलिश-कागदाप्रमाणें खरखरीत लागते. तोंडांत दांतांच्या एकामागें एक ओळी असतात. पुढची ओळ झिजली, कीं मागची पुढें सरकते; कोंवळ्या लिंबी मुशीच्या बाबतींत हा पालट आठ-दहा दिवसांतच होतो. आपणांस जन्मांत दोनदांच दांत येतात. तिला मात्र ते आयुष्यभर येतच असतात.

तिच्या ज्ञानेंद्रियांविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मुशीच्या नाकाडावर व तोंडाभोंवतीं बारीक छिद्रें असतात. स्तेफानो लोरेंझिनी या इटालियन पंडितानें १६७८ सालीं त्यांचें वर्णन करून ठेविलें होतें; पण त्यांचा उपयोग काय, हें विसाव्या शतकांत कळलें. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या स्नायूंच्या हालचालींतून अत्यंत क्षीण अशी वीज उत्पन्न होते. ती या छिद्रांच्या योगानें मुशीस जाणवते, आणि म्हणून वाळूंत दडून बसलेला मासाही तिला सांपडतो. तसेंच, मुशी पोहावयाची थांबली तर गुदमरून मरते अशी एक समजूत आहे. कांहीं जातींच्या बाबतींत ती खरी असली, तरी लिंबी मुशीस ती लागू पडत नाहीं. ती तळावर स्वस्थ पडून तोंडानें पाणी आंत ओढते व कल्ल्यांवरून बाहेर सोडते.

मुशी म्हणजे केवळ खादाड व मंदबुद्धि प्राणी, हाही समज तिच्याच एका जातभगिनीनें खोटा पाडला. अमेरिकेंतील प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ युजीनी क्लार्क यांनीं १९५८ च्या सुमारास फ्लॉरिडांत लिंबी मुशींस शिकविण्याचा प्रयोग केला. पाण्यांत टांगलेली एक फळी नाकानें दाबली, म्हणजे खाऊ मिळतो, हें त्या मुशी थोड्याच काळांत शिकल्या. त्यांनीं हा प्रयोग पुढल्या वर्षीं प्रसिद्ध केला, तेव्हां पुष्कळ विद्वानांस आश्चर्य वाटलें.

आतां आपण मुख्य विषयाकडे वळूं. मासा म्हटला, कीं आपल्यासमोर गाबोळी येते. एका माशाच्या पोटांत हजारों, कधीं कधीं लाखों अंडीं असतात. तीं पाण्यांत सोडून मासा निघून जातो. त्यांपैकीं बहुतेक नाश पावतात, पण इतक्यांतून थोडीं वांचलीं तरी वंश चालतो. लिंबी मुशीची रीत याच्या अगदीं उलट आहे. ती अंडीं घालीत नाहीं. गाई-म्हशींप्रमाणें ती जिवंत पिलांस जन्म देते. पिलें दहा ते बारा महिने तिच्या उदरांत वाढतात आणि नाळेच्या द्वारें आईपासून पोषण घेतात. एका वेळीं चार ते सतरा पिलें होतात, आणि एका विणीनंतर पुढली वीण सामान्यतः दोन वर्षांनीं होते. जन्मतांना पिलूं सुमारें दोन फूट लांब असतें, आणि त्याच्या पोटावर नाळेची ताजी खूण असते. ही खूण पाहूनच संशोधक या वर्षींचें पिलूं कोणतें व मागल्या वर्षाचें कोणतें हें ओळखतात.

एप्रिल ते जूनच्या दरम्यान भरल्या दिवसांच्या मुशी बिमिनीच्या उथळ खाडींत शिरतात. पिलांस जन्म देऊन आई खोल पाण्याकडे परत जाते. त्यांस भरविणें, त्यांचें रक्षण करणें हें तिच्या स्वभावांत नाहीं. मग या अनाथ पिलांची दाई कोण? ती दाई म्हणजे तिवरांचें रान होय.

तिवरांचीं मुळें पाण्यांत जाळ्यासारखीं पसरलेलीं असतात. भरतीच्या वेळीं पाणी त्यांच्यामध्यें शिरतें, आणि त्याबरोबर हीं पिलेंही आंत शिरतात. मोठ्या मुशींचें अंग त्या दाटींत मावत नाहीं. येथें हें सांगितलें पाहिजे, कीं पिलांचे सर्वांत मोठे शत्रु म्हणजे मोठ्या मुशी, आणि त्यांत त्यांच्याच जातीच्या मुशीही येतात. ओहोटी लागली, म्हणजे पिलें मुळांबाहेर येतात, पण किनाऱ्यालगतच्या गुडघाभर पाण्यांतच राहतात. याच मुळांच्या आश्रयानें लहान मासे, खेकडे व कोळंबी वाढतात, आणि तेंच पिलांचें अन्न. सारांश, एकाच रानांत त्यांस घर, तटबंदी व स्वयंपाकघर अशीं तिन्ही मिळतात. पहिलीं दोन-तीन वर्षें तीं या लहानशा टापूबाहेर सहसा जात नाहींत. कांहीं कोंवळ्या मुशी पकडून संशोधकांनीं दूर नेऊन सोडल्या, तर त्यांपैकीं बहुतेक आपल्या मूळ ठिकाणीं पुन्हां येऊन पोहोंचल्या.

इतका आसरा असूनही पहिलें वर्ष फार कठीण जातें. निम्म्याच्या आसपास पिलें त्या वर्षांतच मरतात. जीं राहतात, तीं हळूहळू वाढतात. हळूहळू हा शब्द येथें पूर्ण अर्थानें घ्यावा. लिंबी मुशी आई होण्यास योग्य व्हावयाला सुमारें बारा वर्षें किंवा त्याहून अधिक काळ लागतो. पहिल्या इयत्तेंत बसलेला मुलगा शाळा सोडून कॉलेजांत जाईपर्यंत, त्याच वर्षीं जन्मलेल्या मुशीस एकही पिलूं झालेलें नसतें.

अशी ही मुशी मोठी झाल्यावर खाडी सोडून दूर समुद्रांत जाते. ती पुढें कोठें विणते? आपण जेथें जन्मलों तेंच ठिकाण तिला आठवतें काय? या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यास दोन दशकांची चिकाटी लागली. दर वर्षीं उन्हाळ्यांत संशोधक रात्रीच्या वेळीं खाडींत जाळीं लावीत व नवीं पिलें जिवंत पकडीत. प्रत्येकाची लांबी व वजन घेऊन, त्याच्या कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी एक क्रमांकाची खूण बसवीत. परांचा एक इवलासा तुकडा तपासणीसाठीं ठेवून घेत, आणि पिलूं पुन्हां पाण्यांत सोडून देत. त्या तुकड्यांतील जनुकांवरून, कोणतें पिलूं कोणाचें भावंड व कोणत्या आईचें लेंकरूं, हें ठरवितां येतें. आई प्रत्यक्ष हातीं न लागली, तरी तिच्या मुलांवरून तिची ओळख पटते.

शिकागो येथील शास्त्रज्ञ केव्हिन फेल्डहाइम व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं या नोंदींचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९९३ ते १९९७ या वर्षांत बिमिनीस जन्मलेल्या निदान सहा मुशी, चौदा ते सतरा वर्षांनंतर, आपल्या पिलांस जन्म देण्यासाठीं बिमिनीसच परत आल्या होत्या. मुशींच्या बाबतींत याचा असा प्रत्यक्ष पुरावा पूर्वीं कोणासही मिळाला नव्हता. आपल्याकडे लेक पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं येते. समुद्रांत वाटेंत दुसऱ्या कितीएक खाड्या व बेटें असतांना ही मुशीही माहेर शोधीत येते, हें वाचून कोणाचें मन कौतुकानें भरून येणार नाहीं?

परंतु कौतुकाबरोबरच एक गंभीर विचारही येथें उभा राहतो. जी लेक एकाच माहेरीं येते, तिचें माहेर मोडलें तर ती कोठें जाईल? एका खाडींतील मुशी संपल्या, तर शेजारच्या खाडींतील मुशी ती जागा लवकर भरून काढतील असें गृहीत धरतां येत नाहीं. शिवाय गाबोळी सोडणाऱ्या माशांप्रमाणें या जातीची भरपाई दोन-चार वर्षांत होत नाहीं. बारा वर्षें वाट पाहून दोन वर्षांआड थोडीं पिलें देणाऱ्या प्राण्याची शिकार, माशांच्या मासेमारीसारखी नसून गुरांच्या कळपावर हात टाकण्यासारखी आहे. कळपांतील दुभत्या गाईच जर खाटकास विकल्या, तर पुढल्या वर्षीं वासरें कोठून यावयाचीं?

बहामाच्या सरकारानें ही गोष्ट वेळींच ओळखली, हें त्यास भूषणावह होय. मैलोगणती लांब दोरीस शेंकडों गळ बांधून मासे धरण्याची जी पद्धत आहे, तिला तेथें १९९३ च्या सुमारास मनाई झाली. आणि त्या गळांस मुशी फार सांपडतात, म्हणून या बंदीचा त्यांस मोठा आधार मिळाला. पुढें १९०० च्या शतकाच्या अखेरीपासून जगांत मुशींच्या परांचा व्यापार फार वाढला, तेव्हां जुलै २०११ मध्यें त्या राष्ट्रानें आपल्या सुमारें २,४०,००० चौरस मैल समुद्रांत मुशींची व्यापारी शिकार सर्वस्वीं बंद केली. जिवंत मुशी पाहण्यासाठीं दुरून पाहुणे तेथें येतात व त्यांच्यामुळें बेटांवरील लोकांस कामधंदा मिळतो, हेंही या कायद्यामागील एक कारण होतें. लिंबी मुशी माणसावर चालून आल्याचे फारच थोडे प्रसंग नोंदलेले आहेत, आणि त्यांपैकीं एकही प्राणघातक ठरलेला नाहीं, हें भितऱ्या वाचकांनीं येथें ध्यानांत घ्यावें.

असें असूनही केवळ शिकारबंदीनें काम पुरें होत नाहीं, हाच बिमिनीचा खरा धडा आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याच बेटावर पाहुण्यांसाठीं मोठी वसाहत उभारण्याचें काम सुरूं झालें. तिच्यासाठीं खाडीचा तळ उपसला गेला आणि तिवरांचें बरेंच रान तोडलें गेलें. पाण्यांत गाळ उठला. तळावरील समुद्री गवत विरळ झालें. त्या कामाच्या आधीच्या व नंतरच्या नोंदी संशोधकांनीं ताडून पाहिल्या, तेव्हां पहिल्या वर्षीं वांचणाऱ्या पिलांचें प्रमाण स्पष्टपणें घटलेलें आढळलें. कोणीही एकही मुशी मारली नव्हती. कोणी गळ टाकला नव्हता, कीं जाळें ओढलें नव्हतें. फक्त दाईस घरांतून घालवून दिलें होतें. आईस कायद्याचें अभय मिळालें, पण पाळणाच मोडला, तर त्या अभयाचा उपयोग किती? कायदा नको असें आमचें म्हणणें नाहीं; कायदा आणि तिवर हीं दोन्ही पाहिजेत, इतकेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

हा विषय दूरदेशींचा असला तरी परका नव्हे. लिंबी मुशीची एक सख्खी बहीण आपल्या हिंदी महासागरांत व पॅसिफिक महासागरांत राहते. तिचे पर विळ्याप्रमाणें वांकलेले असतात, आणि तिचीं पिलेंही उथळ पाण्यांतच लहानाचीं मोठीं होतात. आपल्या कोंकणांतील ज्या लहान मुशी बाजारांत येतात, त्या निराळ्या जातीच्या. पण अंडीं पाण्यांत न सोडतां थोडींच जिवंत पिलें देणें हा स्वभाव त्यांच्यांतही आहे. आणि तिवरें तर आपल्या दाराशींच आहेत. महाराष्ट्र सरकारानें २०१२ सालीं त्यांच्या रक्षणासाठीं कांदळवन कक्ष या नांवाचें स्वतंत्र खातें काढलें. पण खाडीच्या कडेस भराव टाकतांना किंवा केरकचऱ्याची गाडी तेथें रिकामी करतांना त्या चिखलांत कोणाचा पाळणा हलत आहे, हें पाहावयास प्रत्येक ठिकाणीं सरकारी शिपाई उभा राहूं शकत नाहीं. तेथें गांवकऱ्यांचे डोळेच उपयोगीं पडतात.

शेवटीं आमच्या विद्यार्थिमित्रांस एक विनंती आहे. सुटींत खाडीकांठच्या गांवीं जाल, तेव्हां ओहोटीच्या वेळीं वडील माणसांबरोबर तिवरांच्या कडेस उभे राहून मुळांमधील पाण्यांत काय काय हलतें, तें पाहा व वहींत टिपून ठेवा. बाजारांत कोळीणमावशीजवळ मुशी असेल, तर पोटांत पिलें असलेली मादी वर्षाच्या कोणत्या महिन्यांत सांपडते, तें त्यांस आदरानें विचारा. समुद्राचें जें ज्ञान त्यांच्याजवळ आहे, तें पुष्कळ पुस्तकांत मिळणार नाहीं. पालकांनींही अशी मादी किंवा हातभर लांबीचें कोंवळें पिलूं विकत घेण्यापूर्वीं क्षणभर विचार करावा. बिमिनीच्या संशोधकांनीं तरी दुसरें काय केलें? त्यांनीं वर्षामागून वर्षें तीच खाडी पाहिली, आणि जें दिसलें तें तारीखवार लिहून ठेविलें. तशी एक वही आपल्याही शाळेंत असूं शकेल.